पुढची काच आणि डॅशबोर्ड : जुन्या गाड्या नेमक्या इथेच का अडतात?

जुनी गाडी पुन्हा उभी करायची म्हटलं की लोक आधी इंजिनची धास्ती घेतात. नाशिकमध्ये तरी ती धास्ती फुकटची. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टर्नरकडे झिजलेला नमुना नेऊन दिला की बुश, पिन, शाफ्ट करून मिळतो, आणि नोझल-पंपाचं काम तर मायको कारखान्यामुळे या गावाच्या अंगवळणीच पडलेलं. गाडी खोळंबते ती पुढच्या काचेसाठी आणि तिच्या खालच्या डॅशबोर्डसाठी. ती का खोळंबते हे समजायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या मोटारींना साधी सपाट काच असायची. धडक बसली की तिचे सुऱ्यांसारखे तुकडे व्हायचे. १९०३ मध्ये एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर वाळून बसला होता. त्यातून दोन काचांमध्ये पापुद्रा धरलेली लॅमिनेटेड काच आली आणि १९०९ मध्ये तिचं पेटंट झालं. हा पापुद्रा उन्हाने पिवळा पडायचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाचं प्लास्टिक त्या जागी आलं, ते आजवर टिकून आहे. जुन्या लॅमिनेटेड काचेच्या कडेला दुधाळ डाग दिसतात, ते कडेने ओल शिरून थर सुटल्याचे. ते पॉलिशने जात नाहीत. वायपरचे बारीक ओरखडे सेरियम ऑक्साइडने घासून जातात, पण ओरखडा खोल असला आणि घासत बसलं तर तिथे काच लहरते आणि समोरचा रस्ता वाकडा दिसू लागतो.

काच सपाट होती तोवर फारसं बिघडत नव्हतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या. त्या जीपची पुढची काच सपाट, बॉनेटवर आडवी पाडता येणाऱ्या चौकटीतली. पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातल्या एखाद्या बागाईतदाराच्या गोठ्यामागे अशी जीप निघाली, तर तिच्या काचेची चिंता नको. काचवाला लॅमिनेटेड शीट घेतो, दोन्ही बाजूंनी हिरकणी फिरवतो, हलका दाब देऊन तडा घेतो आणि मधला पापुद्रा ब्लेडने कापतो. एका सकाळचं काम.

गोष्ट फिरली ती काच वळल्यावर. १९३४ च्या क्रायस्लर इम्पीरियल एअरफ्लोला पहिली एकसंध वक्र काच लागली आणि १९५० च्या दशकात अमेरिकन गाड्यांच्या काचा पार दारापर्यंत वळून गेल्या. वक्र काच करायला लोखंडी साचा लागतो. त्यावर काच ठेवून भट्टीत तापवायची, मऊ झाली की ती साच्यावर बसते. मॉडेल बंद झालं, साचा भंगारात गेला की काच संपली. सपाट काचेसारखी ती नंतर कुणी कापून देऊ शकत नाही.

त्यातच आपल्याकडे आयातीची दारं बंद झाली. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. ज्यांचा इथे सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी नुसती जोडणी करू नये, असं सरकारचं धोरण १९५३ मध्ये ठरलं आणि कंपनीने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. आधी विकल्या गेलेल्या शेवरोले मात्र रस्त्यावरच होत्या. आज अशा वक्र काचेच्या गाडीपुढे दोनच वाटा उरतात. तशाच दुसऱ्या गाडीची काच शोधायची, नाहीतर एका काचेसाठी नवा साचा करवून घ्यायचा. साच्याचा खर्च ऐकून बरेच मालक पहिल्या वाटेने कुर्ला आणि चोरबाजार गाठतात.

ॲम्बेसेडर आणि फियाट यातून सुटल्या, कारण त्या दशकानुदशकं बनत राहिल्या. ‘डुक्कर फियाट’ या टोपणनावाच्या जुन्या फियाटनंतर १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये बंद झाली. एवढी वर्षं टॅक्सी धावल्या, म्हणून काचा आणि रबरं बाजारात राहिली. जाता जाता एक सांगतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद हेच आपल्या मालेगाव तालुक्यातल्या रावळगाव साखर कारखान्याचे संस्थापक. बंगळुरूची हिंदुस्थान एअरक्राफ्टही त्यांनीच १९४० मध्ये उभारली. तिच्यातून १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल झाली आणि ओझरला मिग बनू लागली. रावळगावची चॉकलेटं, ओझरची विमानं आणि दारातली पद्मिनी, सगळ्यांची मुळं एकाच माणसापाशी जातात.

त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली एकेरी काच असायची. कसारा घाटात पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला की क्षणात सबंध काचेवर जाळं पसरायचं आणि समोरचं काहीच दिसायचं नाही. ड्रायव्हर हाताला फडकं गुंडाळून ठोसा मारायचे, भोक पाडायचे आणि वारा तोंडावर घेत घोटी गाठायचे. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या गाडीची काच तासून बसवण्याचा प्रश्नच नव्हता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढच्या काचेला, काही वर्षांची मुदत देऊन, लॅमिनेटेड काच सक्तीची केली. जुनी गाडी सजवणाऱ्यांत यावरून दोन तट पडतात. कोपऱ्यात जुन्या कारखान्याची खूण कोरलेली मूळ टफन्ड काच काहींना हवी असते. माझं मत सरळ आहे : गाडी रस्त्यावर धावणार असेल तर लॅमिनेटेडच घाला आणि ती खुणेची काच घरात जपून ठेवा.

डॅशबोर्डचा उगम घोडागाडीतला. टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली ती फळी. मोटारीत तिच्यावर घड्याळं चढली, मग लाकूड जाऊन पत्रा आला, बटणं बेकेलाइटची झाली. पत्र्याचा डॅशबोर्ड दुरुस्तीला सगळ्यात सोयीचा : डेंटर ठोकून सरळ करतो, पेंटर लांबी (पुट्टी) भरून भट्टीत रंग भाजतो. पण अपघातात त्यावर डोकी फुटत. १९४८ च्या टकर गाडीने गादीचा डॅशबोर्ड दिला, तर १९६६ च्या अमेरिकन वाहन सुरक्षा कायद्यानंतर गादी हाच रिवाज झाला. फोमवर ताणलेलं हे व्हिनाइल मऊ राहतं ते त्यातल्या तेलकट प्लास्टिसायझरमुळे. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ते उडून जातं, व्हिनाइल आकसतं आणि काचेच्या बाजूने तडकतं. उडालेलं तेल काचेला आतून चिकटतं, म्हणून कितीही पुसली तरी काच धूसरच राहते.

काच आणि डॅशबोर्ड यांचं काम एकत्रच का काढावं लागतं, हेही इथे कळतं. जुनं रबर बीडिंग कडक झालं की पावसाळ्यात पाणी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत साचतं, पत्रा आतून गंजतो आणि पाणी डॅशबोर्डच्या वायरिंगवर उतरतं. त्यामुळे आधी काच काढायची, गंज कापून पत्रा वेल्ड करायचा, डॅशबोर्ड रंगवायचा, वायरमनचं काम उरकायचं आणि शेवटी काच चढवायची. चढवताना काचेभोवती नवं रबर बसवतात, त्याच्या खाचेत सुतळी फिरवतात आणि साबणाचं पाणी लावतात. बाहेरून एकजण तळव्यांनी काच दाबून धरतो, आतला कारागीर सुतळी हळूहळू ओढतो. सुतळी येईल तशी रबराची कड पत्र्यावर उलटत जाते. घाई केली तर कोपऱ्यात ताण येतो आणि काच हातातच जाते.

मीटरचा प्रश्न वेगळा. केबलने फिरणाऱ्या चुंबकावरचा स्पीडोमीटर १९०२ च्या ओटो शुल्झेच्या पेटंटवर चालतो. केबल आणि तेलपाणी ठीक असेल तर तो आजही चालू होतो. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर आपल्याकडे किलोमीटर आले, त्याआधीच्या गाड्यांवर मैल आहेत. डायल नवी छापून किलोमीटर करू नये, असं मला वाटतं. मैलांची तबकडी हा त्या गाडीच्या वयाचा पुरावा आहे.

पुराव्याला २०२१ पासून सरकारी किंमतही आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चॅसी, बॉडी शेल, इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत. पद्मिनी या नावाच्या पहिल्या गाड्या आता या पन्नाशीत आल्या आहेत. कॅसेट प्लेअर नाहीतर एसीची जाळी बसवायला पत्रा कापलेले डॅशबोर्ड त्यांत सर्रास दिसतात, आणि डॅशबोर्डचा पत्रा बॉडीलाच जोडलेला असतो. तेव्हा नवं कव्हर शिवायला टाकण्याआधी ते भोक मापाच्या पत्र्याने वेल्ड करून बुजवून घ्यावं, आणि त्यासाठी काच आधी उतरवावी.