टोटल वॉर: वॉरहॅमर मालिकेतील सशुल्क विस्तार

'टोटल वॉर: वॉरहॅमर' ही इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या स्टुडिओने बनवलेली आणि सेगाने प्रकाशित केलेली संगणकीय युद्धखेळांची मालिका. तिचे तीन भाग अनुक्रमे २०१६, २०१७ आणि २०२२ मध्ये आले. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या 'वॉरहॅमर' या बैठ्या खेळावर ती बेतलेली आहे. मूळ गेम विकत घेतला तरी त्यातल्या बऱ्याच फौजा आणि सेनापती वेगळे पैसे मोजून घ्यावे लागतात. या जोडभागांना खेळणारे सर्रास 'डीएलसी' म्हणतात.

टेबलावरचा वॉरहॅमर मुळातच खर्चिक. खेळणारा एक फौज निवडतो, तिचे चिमुकले पुतळे खोक्याखोक्याने विकत घेतो, सुटे भाग चिकटवतो, रंगवतो. नियमांचे पुस्तक वेगळे, फौजेचे वेगळे. दुसरी फौज हवी असेल तर खर्च पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे फौजेगणिक पैसे मोजणे जुन्या खेळाडूंच्या अंगवळणी पडलेले होते. फरक एवढाच, की टेबलावर समोरच्याची फौज त्याने घरून आणलेली असते. संगणकावर ती आपल्याच हार्ड डिस्कवर बसलेली असते. डीएलसी न घेणाऱ्यालाही त्या फौजा नकाशावर भेटतात, त्याच्यावर चाल करून येतात, त्याची शहरे बेचिराख करतात. फक्त त्यांचे नेतृत्व त्याला करता येत नाही. म्हणजे बरेचसे पैसे जातात ते वस्तूचे नव्हे, कुलपाचे. या व्यवस्थेचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: ज्याने डीएलसी घेतले आणि ज्याने घेतले नाही, ते दोघे एकमेकांशी बिनदिक्कत खेळू शकतात. शिवाय जिच्याकडून दहादा मार खाल्ला, ती फौज एकदा आपल्या हाताने चालवून पाहावी असे वाटणारच. विक्रेत्याला याहून चांगली जाहिरात कुठली?

वादाची ठिणगी पहिला भाग येण्याआधीच पडली. कथेतला मुख्य शत्रू म्हणजे केऑस वॉरियर्स. त्यांची फौज आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना फुकट आणि इतरांना विकत, असे २०१५ मध्ये जाहीर झाले. ओरड झाल्यावर पहिल्या आठवड्यात गेम घेणाऱ्यांनाही ती फुकट देण्यात आली. पुढे रणांगणावर रक्त उडताना दिसावे म्हणूनही वेगळे डीएलसी आले आणि त्याची बरीच थट्टा झाली. फुकटही काही मिळाले नाही असे नाही: २०१७ मध्ये ब्रेटोनियाची अख्खी फौज मोफत दिली गेली.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये तिन्ही भागांचे नकाशे जोडून 'इम्मॉर्टल एम्पायर्स' ही महामोहीम सुरू झाली. ती खेळायला आधी तिन्ही भाग विकत घेतलेले असणे गरजेचे होते. २०२३ च्या फेब्रुवारीत ती अट गेली. पण जुन्या भागांतल्या फौजा चालवायच्या तर ते भाग घ्यावे लागतात, हे कायम राहिले.

खरा भडका उडाला तो ३१ ऑगस्ट २०२३ ला आलेल्या 'शॅडोज ऑफ चेंज' या डीएलसीवरून. दोन सेनापतींची जोडी आधी साधारण ९-१० डॉलरला मिळे. इथे तीन सेनापतींना जवळजवळ २५ डॉलर. सोबतची सैन्यपथकेही खेळाडूंना तुटपुंजी वाटली. खर्च वाढला आहे आणि दर वाढवले नाहीत तर तिसऱ्या भागाचे पुढचे काम धोक्यात येईल, अशा आशयाचे निवेदन कंपनीने काढले. दरवाढीपेक्षा या सुरानेच लोक जास्त दुखावले. डिसेंबरात कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. त्याच माफीपत्रात 'टोटल वॉर: फॅरो' या वेगळ्या गेमची किंमत ६० वरून ४० डॉलरवर आणून आधीच्या ग्राहकांना फरक परत देण्याचेही जाहीर झाले. 'शॅडोज ऑफ चेंज'मध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत नवी पथके भरण्यात आली. ज्यांनी ते आधीच घेतले होते त्यांना ती जादा पैसे न देता मिळाली.

एप्रिल २०२४ च्या 'थ्रोन्स ऑफ डीके'पासून तिन्ही सेनापती सुटेही घेता येऊ लागले. ज्याला फक्त बुटक्यांच्या फौजेत रस आहे, त्याने मलकाई मकाइसन तेवढा घ्यावा. टेबलावरची सुटी खोकी अशी पडद्यावर आली म्हणायची.

भारतात स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानावर २०१५ च्या अखेरीपासून रुपयांत खरेदी करता येते. मात्र रुपयातला भाव डॉलरचे नुसते गणित करून ठरत नाही. स्टीमची मालक कंपनी शिफारस करते आणि प्रकाशक आकडा ठरवतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये या शिफारशी बदलल्या आणि भारतासाठीचे आकडे वर गेले. इथला मुरलेला खेळाडू त्यामुळे नवे डीएलसी आले तरी घाई करत नाही; जुनी डीएलसी सेलमध्ये निम्म्या किमतीला येतात, तेव्हा घेतो.