मिशिगनमध्ये करापोटी गेलेलं घर: उरलेले पैसे मागायचे तर १ जुलैच्या आत

मालमत्ता कर थकला म्हणून काउंटीने (तिथल्या जिल्हा प्रशासनाने) घर घेतलं आणि लिलावात विकलं, तर थकबाकी वजा जाता उरलेले पैसे मूळ मालकाचे. २०२० पर्यंत तेही काउंटीच ठेवायची. साउथफील्डमधलं उरी राफाएली यांच्या कंपनीचं घर ८ डॉलर ४१ सेंट कमी भरले म्हणून गेलं, २४,५०० डॉलरला विकलं आणि सगळी रक्कम काउंटीकडे राहिली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवल्यावर कायदा बदलला. तरी पैसे आपोआप येत नाहीत.

२०२४ चा कर राहिला असेल, तर १ मार्च २०२५ ला थकबाकी काउंटी ट्रेझररकडे, म्हणजे खजिनदाराकडे, वसुलीला गेली. १ मार्च २०२६ पासून व्याज दरमहा दीड टक्का, तेही मागल्या तारखेपासून. कोर्टाचा निकाल झाला, तरी ३१ मार्च २०२७ पर्यंत सगळं भरून घर सोडवता येतं. मग मालकी काउंटीची आणि घरावरचे बहुतेक बोजेही पुसले जातात.

लोक अडकतात ते यापुढे. लिलाव जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत चालतात. उरलेल्या पैशांच्या दाव्याचा फॉर्म ५७४३ मात्र १ जुलैपर्यंतच पोचता करायचा. 'घर कितीला जातंय ते कळू दे, मग अर्ज करू' म्हणणाऱ्याचा हक्क लिलावाआधीच संपलेला असतो. ही उलटी तारीख कार्यालयाने नोटिशीत ठळक छापायला नको का?

फॉर्मवर नोटरीसमोर सही लागते. तो स्वतः नेऊन पोच घ्या, नाहीतर रिटर्न रिसीटसह (पोचपावतीसह) सर्टिफाइड मेलने, म्हणजे नोंद होणाऱ्या टपालाने पाठवा. ईमेल धरत नाहीत. ही टपालसेवा अमेरिकेतली आहे, त्यामुळे भाड्याचं घर तिथे आणि मालक पुण्यात, अशांनी कुरियरवर विसंबू नये. तिथल्या माणसाकरवी वेळेत नेऊन द्यावा.

जानेवारीअखेर शिल्लक कळवणारी नोटीस येते. इथे पुन्हा फसगत होते: फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं वाटतं. १ फेब्रुवारी ते १५ मे दरम्यान सर्किट कोर्टात वेगळा अर्ज करावाच लागतो. विक्रीच्या किमतीतून ५ टक्के कमिशन कापलं जातं, आणि कर्ज देणारी बँकही दावा लावू शकते.

लिलावात घेणाऱ्यांनो, हातात पडते ती क्विटक्लेम डीड. मालकी निर्वेध असल्याची हमी त्यात नसते. टायटल इन्शुरन्सवाले (मालकीहक्काचा विमा देणारे) बहुधा आधी क्वाएट टायटलचा, म्हणजे मालकी कोर्टाकडून पक्की करून घेण्याचा, दावा करायला सांगतात. लँड बँकेला (अशा मालमत्ता ताब्यात घेऊन विकणाऱ्या सरकारी संस्थेला) हा दावा झटपट चालवायची सोय २००३ च्या कायद्याने आहे, म्हणून तिच्याकडून घेताना तो निकाल झाला आहे का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा.

गृहकर्ज फिटलेल्यांनी विशेष सांभाळावं. एस्क्रो (हप्त्यासोबत कराचे पैसे घेऊन बँक ठेवते ते खातं) बंद झाला की कर बँक भरत नाही, बिल तुमच्या नावे येतं. असेसरकडे (कर-आकारणी अधिकाऱ्याकडे) जुनाच पत्ता असेल तर नोटिसा भाडेकरूच्या पेटीत पडत राहतात. पत्ता याच आठवड्यात बदलून घ्या.