बाथरूमचं छत गळतंय आणि तुम्ही म्हणताय आभार माना!

पार्किंग मिळत नाही. किचनमध्ये पसारा पडलाय आणि कुणी हात लावायला तयार नाही. पैसे भराभर संपतायत. वाचून वाटेल की ठाण्यातल्या आमच्या खारेगावच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरनं उचललंय, पण नाही, ही यादी अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरापोरींची आहे आणि ती २००३ साली छापून आलेल्या एका रिसर्च पेपरमध्ये आहे. कृतज्ञतेवर, म्हणजे ज्याला आजकाल सगळे ग्रॅटिट्यूड ग्रॅटिट्यूड करतात त्याच्यावर, जे काही सायन्स सांगितलं जातं त्यातलं बरंचसं या एका पेपरपासून सुरू होतं, म्हणून आधी तोच नीट बघू.

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने दर आठवड्याला ज्यांच्याबद्दल आभार वाटतात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने पाचपर्यंत कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसतं त्या आठवड्यात काय काय घडलं ते. दहा आठवडे हे चाललं. आभारवाल्यांमध्ये कुणी आईवडिलांबद्दल लिहिलं, कुणी मित्रांबद्दल, एकाने तर चक्क रोलिंग स्टोन्स या बँडचे आभार मानलेत. आणि शेवटी मोजलं तेव्हा आभारवाले कटकटवाल्यांपेक्षा आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते, अंगदुखी डोकेदुखीच्या तक्रारी कमी होत्या आणि व्यायामही जास्त करत होते.

इथपर्यंतचं सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही, की ठळक फरक होता तो आभारवाले आणि कटकटवाले यांच्यात, साधं रोजचं लिहिणाऱ्या तिसऱ्या गटाशी तुलना केली की बऱ्याच ठिकाणी तो फरक बारीक होत जातो. म्हणजे आभारवाले वर गेले की रडगाणंवाले खाली आले हे ठामपणे सांगणं अवघड आहे. मला स्वतःला हे वाचून बरं वाटलं, कारण 'रोज तीन गोष्टी लिहा आणि आयुष्य बदला' असे मेसेज पहाटे पहाटे पाठवणारे एक काका आमच्या ग्रुपवर आहेत.

त्याच पेपरमधला तिसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात स्नायू आणि नसांचे दीर्घ आजार असलेली ६५ माणसं होती, म्हणजे ज्यांचा त्रास उद्या जाणार नाही हे ज्यांना पक्कं माहितीये अशी. त्यातल्या काहींनी २१ दिवस आभाराच्या गोष्टी लिहिल्या. त्यांची झोप वाढली, सकाळी उठल्यावर जास्त फ्रेश वाटायला लागलं आणि त्यांच्या घरच्यांना विचारलं तर तेही म्हणाले की हो, माणूस जरा खूश दिसतोय. आजार होता तिथेच होता. आपल्या घरातल्या गोष्टींशी हे जास्त जुळतं, कारण सासूबाईंचे गुडघे, ईएमआय आणि वरच्या मजल्यावरनं आमच्या बाथरूममध्ये होणारं लीकेज या तिन्ही गोष्टी वही लिहून जाणाऱ्यातल्या नाहीत.

आता मुळात अशी वही लिहावी का लागते? चांगल्या गोष्टी समोर असताना आपल्याला दिसत का नाहीत? याचं उत्तर मला आधी डोळ्यातच सापडतं. आपल्या रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढ्यात रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं आणि त्याची सावली जन्मापासून त्या पेशींवर पडतेय, पण आपल्याला ती कधीच दिसत नाही, कारण डोळा हलला की सावलीही बरोबर हलते आणि जे पेशींवर एकाच जागी कायम असतं ते मेंदूपर्यंत पोचत नाही. डोळ्यांचे डॉक्टर बारीक लाइट हलवत तपासतात तेव्हा क्षणभर झाडाच्या फांद्यांसारखं काहीतरी दिसतं ना, ते हेच, पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवून ठेवलंय. नाकाचंही तसंच. ओहोटीच्या वेळी वाशीच्या खाडीपुलावरनं लोकल जाते तेव्हा नवा पाहुणा नाकाला रुमाल लावतो आणि रोजचे लोक खुशाल चकली खात बसलेले असतात. कायम असलेल्या गोष्टीची दखल घेणं बंद करायचं, ही आपल्या इंद्रियांची सवयच आहे आणि एरवी ती चांगलीच आहे, नाहीतर अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श दिवसभर जाणवून वेड लागलं असतं.

पण मन पण हेच करतं. वुल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या संशोधकाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचं, म्हणजे बक्षिसाशी जोडलेलं डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचं, काम मोजलं. माकडाला अचानक ज्यूसचा थेंब मिळाला की त्या पेशी जोरात पेटायच्या. मग आधी एक खूण दाखवून मग ज्यूस द्यायला सुरुवात केली, तेव्हा थोड्या दिवसांनी त्या पेशी खुणेलाच पेटायला लागल्या आणि ज्यूस आला तरी ढिम्म. आणि खूण दाखवून ज्यूस दिलाच नाही तर? नेमक्या ज्यूसच्या वेळेला त्या पेशींचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली घसरलं. १९९७ साली हे सगळं एकत्र मांडलं गेलं आणि आज मेंदूच्या अभ्यासात ते पाया मानलं जातं. माकडाच्या ज्यूसवरून थेट आपल्या नळावर उडी मारणं म्हणजे जरा घाईच होईल, तरी पण बघा, सकाळी सहाला पाणी आलं तर कुणाच्या चेहऱ्यावर रेषही हलत नाही आणि शटडाऊनच्या दिवशी नाही आलं की अख्ख्या बिल्डिंगचा मूड जातो. अपेक्षित चांगल्याचे मार्क शून्य आणि ते चुकलं की थेट मायनस.

त्यात भर म्हणजे वाईट गोष्ट चांगल्यापेक्षा जास्त जोरात लागते. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ढीगभर अभ्यास गोळा करून हेच दाखवलं, नात्यांत, पैशात, शिकण्यात, सगळीकडे. कारणही समजण्यासारखं आहे, पिकलेलं फळ नजरेतून सुटलं तर आपला पूर्वज एक दिवस उपाशी राहिला असता, साप नजरेतून सुटला असता तर संपलाच असता. त्यामुळे गळणाऱ्या छताकडे आपलं लक्ष जातं यात आपला स्वभाव खराब आहे असं काही नाही. मेंदू त्याचं काम करतोय. फक्त त्या कामात दिवसाचा जो हिशोब लागतो तो चुकीचा लागतो, आणि आभार मानणं म्हणजे माझ्या मते एवढंच, हिशोबातली राहून गेलेली रक्कम लिहिणं. उधारी खोडायची नाही. छत गळतंय हे लिहायचंच.

घरात तर ही राहून गेलेली रक्कम बहुतेक वेळा कुणाच्या तरी कष्टाची असते. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी ३७ नवराबायकोच्या जोड्यांना वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या वीस कामांमध्ये तुमचा स्वतःचा वाटा किती. नाश्ता कोण करतं, साफसफाई कोण करतं वगैरे. दोघांनी सांगितलेले वाटे जोडले की बहुतेक कामांमध्ये बेरीज शंभर टक्क्यांच्या वर! आणि गंमत म्हणजे यादीत भांडणं उकरून काढणं हेही होतं आणि त्याचंही श्रेय लोकांनी स्वतःकडे जास्तच घेतलं. म्हणजे हा नुसता बढाईचा प्रकार नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं कारण तेव्हा आपण तिथे होतो, दुसऱ्याने काय केलं ते बघायला आपण नव्हतोच. मी सकाळी डबे भरते ते मला रोज आठवतं, नवरा रात्री सगळे झोपल्यावर गॅसचा नॉब, दार, पाण्याचा पिंप बघून येतो ते मला महिनोन् महिने माहितीच नसतं.

मात्र इथे एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. प्रत्येक वेळी बेरीज चुकलेली असते असं नाही, कधी कधी वाटणीच चुकलेली असते. सरकारच्या २०१९ च्या टाइम यूज सर्वेत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्या कामातला रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. पाच तास विरुद्ध दीड तासाच्या थोडं वर. तेव्हा सुनेला 'तुझं किती चांगलं आहे बघ, समाधान मान' असं सांगणं म्हणजे कृतज्ञता नाही, ते तोंड बंद करणं आहे. ज्या प्रयोगांबद्दल मी लिहितेय त्यात लोक स्वतःहून आठवून लिहीत होते, दुसऱ्याने बसवून ऐकवलेलं नव्हतं.

बरं मग करायचं काय. पहिलं म्हणजे रोज नको. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात सहा आठवडे काही जणांनी आठवड्यातून एकदा आभाराची यादी केली, काहींनी तीनदा, आणि फायदा एकदावाल्यांना झाला. रोजच्या रोज लिहिलं की यादीचीच सवय होते, परत तोच प्रकार. मी रविवारी दुपारी लिहिते, सगळे आडवे झाले की, आणि 'कुटुंब, आरोग्य, छप्पर' असलं निबंधातलं लिहीत नाही (छप्पर तर आमच्याकडे वादग्रस्त विषय आहे), कुणी नेमकं काय केलं ते लिहिते. कळवा कारशेडमधून निघणाऱ्या लोकलमध्ये एका मुलीने बॅग उचलून जागा करून दिली, शेजारच्या काकूंनी आमचं पार्सल उतरवून घेतलं, असलं.

दुसरी पद्धत जरा विचित्र आहे पण मला सगळ्यात जास्त लागू पडते. २००८ साली मिंक्युंग कू आणि त्यांच्या टीमने जोडीदार असलेल्या लोकांना दोन प्रकारे लिहायला लावलं. काहींनी आपण कसे भेटलो ते लिहिलं, काहींनी आपण भेटलोच नसतो तर ते कसं घडलं असतं ते. नात्याबद्दल जास्त समाधानी वाटलं ते दुसऱ्यांना. म्हणजे गोष्ट मनातल्या मनात काढून टाकून बघायची. ज्यूस न येण्याची जी किंमत मेंदू आपोआप लावतो ती मुद्दाम वापरायची. सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल माझी चिडचिड होते, डॉक्टर, रिक्षा, औषधं, सगळं माझ्याकडे, पण त्या नसत्या तर संध्याकाळी चार ते आठ मुलगा कुणाकडे असता, हा विचार केला की पाळणाघराची फी आपोआप डोळ्यापुढे येते आणि आवाज खाली येतो.

आणि कटकटी? त्यांना पण वेळ द्यायचा, फक्त वेगळा. मायकेल स्कलिन यांनी २०१८ साली ५७ तरुणांना स्लीप लॅबमध्ये झोपवलं. झोपायच्या आधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, काहींनी झालेली कामं. उरलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. म्हणजे रात्री डोळे मिटून आभार मानत पडण्यापेक्षा 'उद्या वरच्यांशी बोलणे, वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन, मेंटेनन्स भरणे' हे कागदावर उतरवलेलं बरं.

एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. २०२१ साली २७ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, साडेतीन हजारांहून जास्त लोक, आणि डिप्रेशन किंवा अँग्झायटीवर या वह्यांचा परिणाम लहानच निघाला. महिनाभर झोप नाही, कशातच मन नाही, असं असेल तर वही बाजूला ठेवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे. किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. 'याला ठाण्याला पाठवा' या जोकने आपल्या शहराचं आणि त्या १९०१ सालच्या हॉस्पिटलचं फार नुकसान केलंय, तिथे आपल्यासारखीच माणसं गोळ्या घ्यायला येतात आणि परत कामाला जातात.

राहता राहिलं ते बोलून दाखवणं. आपल्याकडे घरातल्या माणसाला थँक्यू म्हटलं तर तो विचारतो, काय झालं, पैसे हवेत का? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली लोकांना आभाराची पत्रं पाठवायला लावली आणि दोन्ही बाजूंना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. तसं त्यांना वाटलं तितकं झालं नाही आणि आनंद मात्र त्यांनी धरला होता त्यापेक्षा जास्त झाला. हे वाचून मी आमच्या वॉचमनना सांगितलं की तुम्ही पहाटे उठून पंप लावता म्हणून आमचे डबे वेळेवर होतात. ते आधी हसले, मग म्हणाले, मॅडम, मग मीटिंगमध्ये त्या पंपाचं पण बोला ना, कपॅसिटर जायला आलाय, कुणी ऐकत नाही. मीटिंगमध्ये बोलले. अर्धा तास लीकेजवर भांडण झालं, ते काही मिटलं नाही, पण कपॅसिटर मंजूर झाला.