कोडमधल्या सगळ्याच कमेंट्स माणसांसाठी नसतात

हिंजवडी काय, खराडी काय, परदेशी बँकांचा कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड सांभाळणारी एखादी टीम तिथे असतेच आणि नवीन पोरं तो उघडतात तेव्हा ओळीच्या पहिल्या सहा खान्यांत नुसते आकडे आणि सातव्यात एकटा तारा बघून चक्रावतात. तारा म्हणजे कमेंट, कोडमध्ये लिहिलेली टीप; ही ओळ कंपायलरने, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, सोडून द्यायची. फोरट्रान या दुसऱ्या जुन्या भाषेत हेच काम पहिल्या खान्यातला सी करायचा.

पण हे खान्यांचं खूळ आलं कुठून? तेव्हा एक ओळ म्हणजे खरंखुरं एक पंचकार्ड, भोकं पाडून अक्षरं नोंदवायचं, 80 खान्यांचं. फोरट्रान 1957 मध्ये ज्या आयबीएम 704 कॉम्प्युटरवर आलं त्याचा रीडर त्यातले 72 खानेच वाचायचा, कारण मशीनचा एक शब्द 36 बिटांचा आणि कार्डावरच्या एका आडव्या रांगेला असे दोन. मग उरलेल्या आठांत लोक कार्डाचा नंबर टाकायला लागले, गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा म्हणून! कार्डं गेली तरी कोबोलवाले अजून या कडेच्या खान्यांत बदलाच्या खुणा टाकतात.

सी भाषेतला किस्सा त्याहून भारी आहे. सत्तरच्या दशकात बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत स्टीफन जॉन्सनने कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारा लिंट नावाचा प्रोग्रॅम लिहिला, आणि 'इथे गप्प बस, मी हे मुद्दाम केलंय' असं त्याला सांगायचं ते कमेंटमधूनच. म्हणून जुन्या कोडमध्ये स्विचच्या, म्हणजे अनेक पर्यायांतून एक निवडायच्या रचनेच्या, दोन केसच्या मध्ये थांबवणारा ब्रेक नसतो आणि नुसतं 'फॉलथ्रू' असं कॅपिटलमध्ये लिहिलेलं दिसतं. कंपायलर कमेंट वाचत नाही असं कॉलेजात घोकवतात ना? 2017 मध्ये आलेला जीसीसी 7 हा सीचा कंपायलर एक्स्ट्रा वॉर्निंग्ज चालू असतील तर हीच कमेंट बघतो, ती पुसली की लगेच कुरकुर सुरू.

कमेंटमध्ये कधी ॲट आणि कंसात हॅश दिसतो, ही खूण एससीसीएसची, म्हणजे बेल लॅब्जमध्येच 1972 मध्ये सुरू झालेल्या व्हर्जन सांभाळायच्या सिस्टिमची. 'व्हॉट' ही कमांड फाइलीत ती शोधून पुढचा मजकूर छापते.

आणि बीएसडी या युनिक्स सिस्टिमच्या कोडमध्ये कमेंट सुरू करणाऱ्या स्लॅश-ताऱ्याला चिकटून जो डॅश असतो तो टायपो समजून काढू नका, ती कोडची मांडणी नीट करणाऱ्या 'इंडेंट' नावाच्या फॉरमॅटरला ताकीद आहे की या कमेंटच्या ओळी जशा आहेत तशाच राहू दे.