साथरोगांचा सीमापार प्रवास आणि कोकणपट्टी : पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. गिरण्यांत आणि गोदीत राबणारा कोकणी चाकरमानीही आगबोटीने गावाकडे निघाला. बाहेरून मुंबईत आलेली साथ गावापर्यंत कशी पोहोचते, हा प्रश्न त्यामुळे कोकणाच्या अगदी दारात आला.

पटकीच्या (कॉलऱ्याच्या) भीतीने युरोपातील राष्ट्रे १८५१ मध्येच पॅरिसला एकत्र बसली होती. पण जहाजे अडवली की व्यापार बुडतो, या वादात अनेक वर्षे गेली. मुंबईच्या प्लेगनंतर १८९७ मध्ये व्हेनिसला खास परिषद भरली आणि पहिला रुग्ण आढळताच इतर देशांना तारेने कळवण्याचे बंधन आले. त्याच वर्षीच्या भारतातील साथरोग कायद्याने जहाजे आणि प्रवासी तपासण्याचे अधिकार सरकारला मिळाले. या तपासणीचा जाच लोकांनी फार सोसला. शिवाय तिची दिशाच अपुरी होती, कारण प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. धडधाकट दिसणारा प्रवासी सोडला जाई आणि धान्याच्या पोत्यांतून उंदीर पुढे जात. सक्तीमुळे लोक आजारी माणसे लपवू लागले, हे नुकसान मला त्याहून मोठे वाटते.

राष्ट्रेही तशीच वागत आली. १९५१ च्या आणि १९६९ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत ठरावीक रोगांचीच यादी होती व अखेरीस तीत पटकी, प्लेग आणि पीतज्वर (यलो फीव्हर) एवढेच उरले. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरताच अनेक देशांनी भारताची विमाने आणि माल अडवला. खरे सांगणाऱ्या देशाला असा फटका बसत असेल, तर पुढचा देश वेळेवर कशाला कळवील?

म्हणून २००५ मध्ये स्वीकारलेल्या आणि १५ जून २००७ पासून लागू झालेल्या नियमांनी केवळ यादीवर विसंबणे सोडले. घटनेचा परिणाम गंभीर आहे का, ती अनपेक्षित आहे का, ती सीमेपलीकडे पसरण्याचा मोठा धोका आहे का आणि तिच्यामुळे प्रवास-व्यापारावर निर्बंध येण्याचा मोठा धोका आहे का, असे चार प्रश्न देशाने ४८ तासांत तपासायचे असतात आणि त्यांपैकी दोहोंचे उत्तर होकारार्थी आले, तर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे असते.

रोग येण्याची शक्यता आणि तो इथे रुजण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडीस डास आहे. म्हणूनच आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या बाधित बंदरांवरून परतणाऱ्या कोकणी खलाशाकडे लसीचा दाखला मागितला जातो आणि ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

याउलट माकडतापाचे आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला हा आजार अलीकडे गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात दिसला. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, माणसाकडून माणसाकडे जात नाही. त्यामुळे राज्याच्या सीमेवरील नाक्यावर ताप मोजून तो अडणार नाही. काजूच्या हंगामात बागेत उतरणाऱ्या मजुरांची चौकशी आणि मेलेल्या माकडाची तातडीने खबर, हीच तिथली खरी तपासणी आहे, आणि ती खबर गोवा, महाराष्ट्र व कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांपर्यंत एकाच वेळी जायला हवी.