‘वयाचा खोकला’ असं काही नसतं

पावसाळा लागला की गोव्यात डिचोली-सत्तरीकडे हमखास कानावर येतं: ‘आजोबांचा खोकला वयाचाच, आणि क्षयाची औषधं या वयात सोसायची नाहीत.’ दोन्ही समज चुकीचे आहेत. दुसरा तर जिवावर बेततो.

वय वाढलं की प्रतिकारशक्ती मंदावते आणि तरुणपणापासून फुप्फुसात दबून राहिलेले क्षयाचे जंतू डोकं वर काढू शकतात. उतारवयात ताप किंवा थुंकीतून रक्त दिसेलच असं नाही. कधी नुसती पेज जात नाही, वजन उतरतं. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायलाच हवी. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

औषधं बहुतेकदा तरुणांना देतात तीच, साधारण ६ महिने. वयाबरोबर यकृताला त्रास होण्याचा धोका वाढतो, हे मात्र खरं. डोळे पिवळे दिसले, उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. फेणीचा घोट खोकल्यावर औषध म्हणूनही नको. क्षयाच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो; तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवा.