पीएम स्वनिधी कर्ज: बँकेत जाण्याआधी नगरपालिकेतली कामं

कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत हातगाडी, पथारी, टपरीवाल्यांचं भांडवल घरखर्चातच संपलं. माल भरायला पैसे नाहीत, गहाण ठेवायला काही नाही, आणि खासगी सावकाराचं व्याज परवडत नाही. अशांसाठी केंद्र सरकारने १ जून २०२० रोजी पीएम स्वनिधी योजना सुरू केली. ती अजून चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिला मुदतवाढ मिळाली आणि आता ३१ मार्च २०३० पर्यंत कर्ज मिळू शकतं. पैसे बँक देते, पण अर्जदार फेरीवाला आहे हे नगरपालिका सांगते. बहुतेकांचं काम अडतं ते या दुसऱ्या टप्प्यावर, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी रक्कम. पहिलं कर्ज १५ हजारांपर्यंत (सुरुवातीला ही मर्यादा १० हजार होती). ते फेडलं की दुसरं २५ हजारांपर्यंत आणि तेही फेडलं की तिसरं ५० हजारांपर्यंत. तारण लागत नाही. दुसरं कर्ज वेळेत फेडणाऱ्यांना यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही मिळू शकतं.

व्याजाबाबत एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो, की हे ‘सात टक्क्यांचं कर्ज’ आहे. तसं नाही. बँक आपल्या नेहमीच्या दराने व्याज लावते. ते आपण हप्त्यात पूर्ण भरायचं आणि त्यातल्या सात टक्क्यांइतकं अनुदान नंतर खात्यावर जमा होतं. हप्ते थकले तर अनुदानही अडकतं. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड नाही. क्यूआर कोडवरून पैसे घेतले तर कॅशबॅक वेगळा.

पात्र कोण? रस्त्यावर किंवा पदपथावर, एका जागी बसून किंवा फिरून, माल विकणारा किंवा सेवा देणारा कुणीही. भाजी, फळं, चहा, कपडे विकणारे तर आहेतच, पण चांभार, न्हावी, इस्त्रीवालेही यात बसतात. शेजारच्या गावातून रोज शहरात येऊन धंदा करणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. मूळ योजनेत २४ मार्च २०२० रोजी किंवा त्याआधी धंदा चालू असण्याची अट होती.

आता नगरपालिका. इथे तुमची गाठ फेरीवाला विभागाशी किंवा शहरी गरिबांच्या उपजीविकेचं काम पाहणाऱ्या कक्षाशी पडते. पहिला प्रश्न विचारायचा: माझं नाव नगरपालिकेच्या फेरीवाला सर्वेक्षणात आहे का? विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र हातात असेल तर प्रश्नच मिटला. नाव सर्वेक्षणात आहे पण प्रमाणपत्र मिळालेलं नाही, तरी हरकत नाही. सर्वेक्षण क्रमांकावरून तात्पुरतं प्रमाणपत्र निघतं. पीएम स्वनिधीच्या पोर्टलवरही (वेबसाइटवर) हा क्रमांक शोधता येतो.

नावच नसेल तर नगरपालिकेकडून शिफारस पत्र, म्हणजे तुम्ही फेरीवाले आहात असं लिहून दिलेलं पत्र, घ्यावं लागतं. ‘यादीत नाही’ एवढं ऐकून बरेच जण परत फिरतात, आणि ते चूक आहे. शिफारस पत्रासाठी पुढीलपैकी एखादा पुरावा चालतो: टाळेबंदीत सरकारी मदत जमा झाल्याची पासबुकातली नोंद, फेरीवाला संघटनेचं सदस्यत्व कार्ड किंवा वर्गणीची पावती, किंवा धंद्यासाठी पूर्वी घेतलेल्या कर्जाचे कागद. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ मध्ये १,५०० रुपयांची मदत जाहीर झाली होती, पण ती नोंदणीकृत फेरीवाल्यांसाठी. नोंदणी नसलेल्यांकडे ती नोंद कुठून असणार?

यातलं काहीच नसेल तर साध्या कागदावर अर्ज द्या. नगरपालिकेने जागेवर चौकशी करून निर्णय घ्यायचा असतो. अर्जात मोघम लिहू नका. ‘मी बाजारात भाजी विकते’ यावरून कर्मचारी कुणाला शोधणार? त्यापेक्षा असं लिहा: ‘मी सन २०१६ पासून जुन्या एसटी स्टँडच्या फाटकासमोर, रोज सकाळी सात ते बारा, भाजीची हातगाडी लावते.’ गाडीसोबतचा फोटो आणि बाजार फीच्या जुन्या पावत्या असतील तर जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिफारस पत्राच्या अर्जाचा निकाल १५ दिवसांत लावायचा असतो, आणि तारखेचा पुरावा नसेल तर ते १५ दिवस मोजणार कुठून?

बाकी कागद थोडेच आहेत: आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा, कारण ओटीपी तिथेच येतो. नावं अक्षरशः जुळवून पाहा. आधारवर नावापुढे ‘बाई’ आहे आणि पासबुकात नाही, एवढ्यावरूनही फाइल परत येते. बदल करायचा तर आधी करून घ्या.

यानंतर अर्ज पीएम स्वनिधी पोर्टलवर स्वतः भरता येतो किंवा सीएससी केंद्रातून (सरकारी ऑनलाइन सेवांच्या केंद्रातून). बँक निवडताना जिथे आधीपासून खातं आहे ती शाखा बरी. तिथे व्यवहार दिसतात आणि विचारपूसही सोपी जाते. जुनं कर्ज थकलेलं असेल तर मात्र बँक अर्ज फेटाळू शकते. तिथे शिफारस पत्राचा उपयोग नाही.

कर्जदाराच्या कुटुंबासाठी याच योजनेला जोडून ‘स्वनिधी से समृद्धी’ हा उपक्रम आहे. त्यात घरच्यांची माहिती घेऊन जनधन खातं, सुरक्षा विमा, मातृवंदना, एक देश एक रेशन कार्ड अशा आठ केंद्रीय योजनांशी जोडून देतात. नगरपालिकेत गेलातच तर याचीही चौकशी करा, कारण आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

कर्ज खात्यात आलं की बहुतेक जण नगरपालिकेकडे पुन्हा फिरकत नाहीत. माझ्या मते तिथेच मोठं नुकसान होतं. शिफारस पत्र दिल्यावर ३० दिवसांत विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र द्यायचं, असं योजनेतच म्हटलेलं आहे. १५ हजार वर्षभरात फिटून जातील, पण जागेवरून उठवायला कुणी आलं तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली दाखवायला हेच प्रमाणपत्र लागतं. तेव्हा शिफारस पत्राची प्रत घेऊन महिन्याभराने त्याच खिडकीवर परत जा.